सकाळी वाट पाहणारी

वच्छलामावशीकडे तुम्ही कितीही वाजता पोचा, अगदी ठरल्या वेळेच्या आधी पोचा, ती मान वर न करता एकच वाक्य बोलायची, "कवाची वाट पाहून राहिली तुही." म्हणजे कधीची तुझी वाट पाहतेय; ना रागाने, ना लाडाने. नवी गिऱ्हाइकं यावर गोंधळायची. एका बाईने तर चक्क माफी मागितली आणि पाव किलो झेंडू जास्तीचा नेला.

अकोल्याहून बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा किलोमीटरवर तिचं शेत होतं. झेंडू, शेवंती, कडेला थोडा गुलाब. नवरा लवकर गेला, मुलगी सासरी. पहाटे फुलं खुडायची, मोपेडवर दोन पोती बांधायची आणि उजाडता उजाडता जुन्या शहरातल्या देवळापाशी दुकान मांडायचं, हा तिचा नेम. माझे बाबा पुरोहित, त्यामुळे आमच्या घरची फुलं वर्षानुवर्षं तिचीच.

तिची ती मोपेड मी चोरली.

सतरा वर्षांचा होतो. घरात खायला कमी नव्हतं, कोणी मारत नव्हतं. मोठा भाऊ इंजिनिअरिंगला, घरातली सगळी बोलणी त्याच्याभोवती. मी असलो काय, नसलो काय, कुणाचं काही अडत नव्हतं. गल्लीतल्या गोलूचं मात्र माझ्याशिवाय पान हलत नसे. तो मला 'भाऊ' म्हणायचा. रस्त्यावर उभ्या गाड्या उचलायच्या, पेट्रोल संपेपर्यंत फिरवायच्या आणि सोडून द्यायच्या, एवढीच आमची मजा. ती मजा एका भंगारवाल्यापर्यंत कधी जाऊन पोचली, ते आम्हालाही कळलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवळासमोर मावशीची मोपेड दिसली, पोती बांधलेली, किल्ली तशीच लावलेली. मी पुढे, गोलू मागे. पोती मोर्णा नदीच्या काठी फेकली. संध्याकाळपर्यंत मोपेडचे तुकडे झाले होते. त्या झेंडूवर तिची वर्षाची मोठी कमाई होती हे मला माहीत होतं. आजही ते आठवलं की लाज वाटते.

ऐन दसऱ्याला मावशी पायी आमच्या घरी आली. पोलिसांत तक्रार दिलीस का, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाली, देऊ सावकाश. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "महाराज, तुमचा हा लायना पोरगा सकायी झोपूनच असते. मले द्या त्याले. सायकल हाय त्याच्यापाशी, अन् माहं काम अडून राहिलं."

बाबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी मला न विचारता हो म्हटलं. मी नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

झालं, रोज पहाटे साडेचारला शेतात. पहिल्याच दिवशी मी दवाने ओली फुलं तशीच पोत्यात कोंबली, दुपारपर्यंत ती काळी पडली. मावशी म्हणाली, "उद्या लवकर येजो. आधी पसरू, मंग भरू." बस, एवढंच. ती कधीतरी उपदेश करील, मोपेडचा विषय काढील, म्हणून मी जीव मुठीत धरून असायचो. ती फक्त शेवंतीबद्दल बोलायची.

म्हणून मी लगेच सुधारलो असं समजू नका. महिन्याभरात गोलूबरोबर पुन्हा दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेनंतर सकाळी जाग आली नाही. आठ वाजता शेतावर पोचलो तर मावशी बांधावर बसलेली, शेजारी दोन पोती बांधून ठेवलेली, त्यांच्यावर ऊन. रस्त्याने ऑटो जात होते; तिने एकही थांबवला नव्हता. मी जवळ पोचत असतानाच एक ऑटोवाला स्वतःहून थांबला, तर त्याला म्हणाली, "जा बावा तू. माहा माणूस येऊन राहिला."

मग मला तिचं नेहमीचं वाक्य ऐकवलं. त्या दिवशी ते वाक्य मला झोंबलं. फुलं मान टाकून पडली होती, आणि ती माझ्यामुळे पडली होती. मी आलो नाही तर कुणाचं तरी अडतं, हे मला सतराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. पुढच्या वेळी गोलू बोलवायला आला तेव्हा मी नाही म्हणालो. सद्बुद्धी वगैरे म्हणाल तर तसं काही नाही. चारला उठायचं म्हणून नऊलाच डोळे मिटायचे.

गोलू मात्र पकडला गेला. काही महिने निरीक्षणगृहात काढून आला, आणि मग त्याला कुणी कामावर ठेवीना. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो. हे चांगलं केलं नाही.

तीन वर्षांनी मला अमरावतीला एका क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. सांगायला गेलो तर मावशीने विचारलं, "मंग उद्यापासून फुलं कोन नेईन?" कुणीतरी शोधून देतो, मी म्हणालो.

"शोधाले कायले पाहिजे? माह्या मोपेडवर तुह्यामांगं बसला होता तो पोट्टा रिकामाच फिरून राहिला. त्याले पाठव."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी देवळाच्या पायरीवरून तिने आम्हा दोघांनाही पाहिलं होतं. तीन वर्षं पाहिलेलं गिळून बसली होती. पोलिसांना का नाही सांगितलंस, असं मी कसंबसं विचारलं.

"काहून सांगू? फुलं त गेलीच होती. वरून फुलं नेनारा बी गेला असता."

मला रडू आवरेना. तिने मला रडू दिलं आणि स्वतः शेवंती खुडत राहिली.

आता मावशी थकली आहे, ती फक्त हार ओवते. शेत, पोती, देवळापाशीचं दुकान, सगळं गोलू बघतो. पण मला आठवते ती त्याची पहिली सकाळ. मले कोन ठेवते, म्हणत तो यायलाच तयार नव्हता. शेवटी सायकलवर मागे बसवून नेला. बांधावर तो खाली बघत उभा राहिला. मावशीने त्या दिवशी मात्र मान वर केली. त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "कवाची वाट पाहून राहिली तुही."