डोकमर्डीचा प्लॉट आणि आबांचा अंगठा

वापीची जीप भरल्याशिवाय सुटायची नाही, त्यामुळे आमलीच्या नाक्यावर माझा निरोप चांगला पाऊण तास चालला. चाळीतले तुम्ही सगळे आधी रडलात. जीपमध्ये अजून तीन सीट रिकाम्या आहेत म्हटल्यावर डोळे पुसून चहा सांगितलात आणि तिसरी सीट भरल्यावर पुन्हा रडायला लागलात. आई तेवढ्यात दोनदा घरी जाऊन आली, एकदा लोणच्याची बरणी आणायला आणि एकदा बरणीचं झाकण. आबा ड्रायव्हरशी टायरबद्दल बोलत उभे होते. जीप निघाली तेव्हा त्यांनी हात वर केला, पण तोंड टायरकडेच ठेवलं.

तुमच्यातले काही अजून आमलीत असतील, काही माझ्यासारखे निघून भलतीकडे रुजले असतील. तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण मी सरकारी नर्सिंग स्कूलला का गेले यावर चाळीत बऱ्याच कथा चालायच्या. मार्क कमी पडले, आबांनी हात आखडला, वगैरे. तसं काही नव्हतं. खरी गोष्ट आबांच्या अंगठ्याची आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आबा सूत बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. खोक्यावर काय छापलंय ते ते कधी वाचत नसत. बॉबिन हातात घेऊन हातभर धागा ओढायचे आणि मग बोलायचे. मी बारावी झाले आणि नर्स होणार म्हणून हटून बसले. आमच्याकडे तेव्हा नर्सिंग शिकायची सोय नव्हती, म्हणजे बाहेर जाणं आलंच. कारखान्यातल्या पुण्याच्या मॅनेजरसाहेबांनी आपुलकीनं एका खासगी कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक आणून दिलं. त्यात पांढरे बूट घातलेल्या मुली निळ्या बसमधून उतरत होत्या. मी ते उशीखाली ठेवून झोपायचे. आता हसू येतं, पण माझा जीव खरोखर त्या बुटांत अडकला होता.

अडचण एवढीच की त्या कॉलेजची फी भरायची तर आमलीजवळच्या डोकमर्डीचा प्लॉट विकावा लागणार होता. नंदुरबारकडून आल्यापासून आई-आबांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली ती एकच जागा. रविवारी आई तिथे जाऊन नुसती उभी राहायची. इथे चूल, इथे तुळस, असं बोटानं दाखवायची. तरी आबांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. "प्लॉट परत घेता येईल. पण आधी माल बघू," एवढंच म्हणाले.

त्या दिवसांत मशीनवर त्यांचा अंगठा चांगलाच खरचटला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं होतं, आणि आबा तर सुईचं नाव काढलं की पायात चपला घालणारे. कारखान्यात डॉक्टर आले की हे हमखास कँटीनच्या मागे सापडायचे. अंगठ्याला चिंधी बांधून, मला घेऊन ते खासगी कॉलेज बघायला निघाले.

तिथे काचेच्या पेटीत मासे होते, गार पाणी होतं आणि प्राचार्यबाई फार गोड होत्या. आबांनी चहा संपवला, चिंधी सोडली आणि म्हणाले, "तुमच्या एखाद्या विद्यार्थिनीला सांगा, मला इंजेक्शन द्यायला." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाई गोंधळल्या. इथे दवाखाना नाही म्हणाल्या, सरावासाठी रबराचा हात आहे, आणि खऱ्या पेशंटसाठी मुलींना महिन्यातून दोनदा बसनं नेतात. आबांनी तो रबराचा हात दाबून बघितला, "छान आहे" म्हणाले आणि नमस्कार करून निघाले. परतताना मी मुद्दाम त्यांच्यापासून लांबच्या सीटवर बसले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही सुरतेकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथलं नर्सिंग स्कूल आमच्या आवाक्यातलं होतं, वर शिकताना विद्यावेतनही मिळायचं. मासे नव्हते. फिनेलचा वास, ही लांबलचक रांग, लोखंडी खाटा, आणि जिकडेतिकडे गुजराती. आबा गुपचूप रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा समोर माझ्याएवढीच एक मुलगी होती, तेल चोपडलेल्या वेणीची, दुसऱ्या वर्षाची. मागे तिला शिकवणाऱ्या सिस्टर हाताची घडी घालून बघत होत्या. आबांच्या कपाळावर घाम दिसत होता.

"काका, हाथ ढीलो मूको," हात सैल सोडा, असं ती म्हणाली. "घेर कोण कोण छे?"

आबा आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगायला लागले. बायको, मी, धाकटा, गावाकडे दोन बहिणी. दुसऱ्या बहिणीचं नाव तोंडात असतानाच ती म्हणाली, "थई गयुं, काका."

सुई टोचून झालीसुद्धा होती. आबांनी दंडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. बाहेर आल्यावर ते मराठी विसरून थेट अहिराणीत शिरले. "पोर आठेच शिकी," म्हणाले, म्हणजे पोर इथेच शिकेल, आणि लगेच सावरून, "म्हणजे, तुला वाटलं तर. प्लॉट विकायला मी अजूनही तयार आहे. तू सांग."

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, पांढऱ्या बुटांसाठी माझा जीव तेव्हाही तुटला. पण माझ्या डोळ्यांसमोरून ती मुलगी हलत नव्हती. सुईला घाबरणारा माझा बाप तिच्यापुढे दोन मिनिटं घाबरायचं विसरला होता. मला ते करता यायला हवं होतं. मी म्हटलं, "इथेच."

सुरुवातीचे महिने हॉस्टेलवर मी भरपूर रडले आणि गुजरातीत नापास होणंच काय ते बाकी राहिलं. आता दहा वर्षं इथेच नोकरी करते. ड्यूटीवर मी रागावते गुजरातीत, हिशेब करते मराठीत, आणि गिरण्यांत काम करणाऱ्या खानदेशी बायका वॉर्डात आल्या की माझ्या तोंडून आबांची अहिराणी निघते. त्या विचारतात, "तू कोनी पोर शे?" आणि मी कोणाची पोर हे सांगायला मला बरं वाटतं.

प्लॉट राहिला, त्यावर घर झालं. पहिल्या पगारांतून मी मागे एक खोली बांधून घेतली, माझी म्हणून. सुटी मिळून मिळून किती मिळणार? त्या खोलीत मी सलग चार दिवस कधी राहिले नाही. मागच्या वर्षी गेले तर दारात दोन अनोळखी चपलांचे जोड. आईनं आमच्या नंदुरबारच्याच भागातल्या, धडगावकडच्या दोघी बहिणींना खोली देऊन टाकली होती. थोरली कारखान्यात पॅकिंगला, धाकटी बारावीला, तिलाही नर्स व्हायचंय. मला राग आला, लपवत नाही. "माझ्या खोलीत भाडेकरू ठेवलेस?" मी विचारलं.

"भाडेकरू कसल्या? पोरी आहेत," आई म्हणाली. "तू बाहेर राहिलीस तेव्हा तुलाही कुणीतरी जागा दिलीच ना?"

माझं अंथरूण तिनं आपल्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणाला लागून घातलं होतं. रात्री त्या दोघींतली धाकटी पुस्तक घेऊन दारात आली आणि बिचकत म्हणाली, "ताई, आत येऊ का?" मी सरकून तिला जागा करून दिली.