बाजू दोन, शेवटची तीन मिनिटं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मिलिंदला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तुमची माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायला छाती लागते, आणि ती माझ्याकडे कधीच नव्हती.

गोष्ट एका कॅसेटची आहे. गाण्यांची कॅसेट — पण गाणी तरी कशी म्हणू? लोखंडावर लोखंड आपटल्याचे ठोके, कॉम्प्रेसरची धाप, आणि खालून कुणी माणूस विहिरीतून ओरडावा तसा ओरडतोय. इंडस्ट्रियल म्हणतात त्याला. शहाण्णव साल असेल. नांदेडच्या हॉस्टेलवर एका पोरानं हा अल्बम पुण्याहून आणला होता. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. मला मात्र पहिल्या ठोक्यालाच आमचं कुरुंद्याचं शेत आठवलं. उकडून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये टाकायची आणि दिवसभर फिरवायची. त्या खडखडाटातच मी लहानाचा मोठा झालो. त्या आवाजाला जगात कुणी गाणं म्हणतं? मी वेडा झालो. पोरगा म्हणाला, उद्या जातोय, हवा तर आजच उतरवून घे.

माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. दुकानं उघडी होती, बरं का. दहा मिनिटांच्या वाटेवर होती. पण शेजारच्या खोलीतला डबल कॅसेटवाला टेप तासाभरासाठीच मिळाला होता, आणि मला उठवेना. कपाटात एक कॅसेट पडली होती. तिच्यावर निळ्या शाईनं लिहिलं होतं — आई.

माझी आई नव्हे. मिलिंदची.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. जयंतीला विहारासमोर मावशी गायला उभ्या राहिल्या की पाटलाच्या आळीतली माणसंसुद्धा येऊन मागं उभी राहायची. त्याच्या दोन वर्षं आधीच त्या काविळीनं गेल्या होत्या. त्यांचा आवाज एकदाच भरून ठेवला होता, तोही मिलिंदच्या धाकट्या बहिणीनं, वंदनानं. मावशी भाकरी करता करता गात होत्या, तेव्हा चुलीपाशी टेप ठेवून. ती कॅसेट पेटीत असायची. वर्षातून एकदा, पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मृतीच्या दिवशी, फोटोशेजारी टेप ठेवून सगळ्यांनी मिळून ती ऐकायची. एरवी हात लावायचा नाही, असं मिलिंदच्या वडिलांचं सांगणं होतं.

वंदनाचं लग्न पुसेगावला ठरलं होतं. सासरी न्यायला तिला एक प्रत हवी होती. तिनं गुपचूप पेटी उघडली आणि कॅसेट माझ्या हातात दिली. नांदेडला दुसरी भरून आणा म्हणाली, घरात सांगू नका म्हणाली.

कुणी चुकून भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या तिनं मोडून ठेवल्या होत्या. टेपनं पुन्हा भरावं म्हणून मी त्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले. म्हणून 'चुकून' हा शब्द मला वापरता येत नाही. प्रत काढली नव्हती, हे मला माहीत होतं. मावशींची ती एकुलती एक कॅसेट होती, हेही माहीत होतं. मी बटण दाबलं.

वंदनाला सांगितलं, टेपनं फीत खाल्ली. ती म्हणाली, तुकडे तरी द्या. मी म्हणालो, केरात गेले. ती रडली नाही. घरी जाऊन म्हणाली, माझ्याकडून हरवली. माझं नाव घेतलं नाही. कसं घेणार? लग्न ठरलेल्या पोरीनं आईची कॅसेट पेटीतून काढून दुसऱ्या आळीतल्या पोराला दिली, हे गावानं कसं ऐकलं असतं? ती बोलू शकणार नाही, हे मी आधीच ताडलं होतं. वडील लग्नाच्या दिवसापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. त्याच लग्नात मी पंगतीत वाढत होतो.

आता खरं सांगतो. आवाज पुरता पुसला गेला नव्हता.

हॉस्टेलवरच्या त्या टेपचं, जुना आवाज पुसणारं हेड झिजलेलं होतं. दोन गाण्यांमध्ये ठोके थांबले की मागून कुणीतरी श्वास घ्यायचं. हातोड्यांच्या खालून बाईचा सूर वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. आणि बाजू दोनला अल्बम लवकर संपायचा — पुढं तीन मिनिटं मावशी. स्वच्छ. भाकरी थापल्याचा आवाज, एक कडवं, आणि मग म्हणायच्या, "झालं का गं, वंदे? बंद कर आता, तवा तापून राहिला."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फीत मागं नेऊन पुन्हा ऐकलं. तीन मिनिटं तरी परत नेऊन देता आली असती, नाही का? पण मग आधीची पंचावन्न कुठं गेली, ते सांगावं लागलं असतं.

पुढं हिंगोलीला नोकरी लागली, घरात कॉम्प्युटर आला. तोच अल्बम मी इंटरनेटवरून उतरवला. धुतल्यासारखा लख्ख आवाज. पण दोन गाण्यांमध्ये मी वाट पाहत बसलो — श्वास आला नाही. शेवटी नुसती शांतता. मला तो अल्बम अपुरा वाटला. तेव्हा कळलं की मला आवडतो तो अल्बम जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही. त्यात एक मेलेली बाई आहे.

पुण्यानुमोदनाला मिलिंद मला अजून बोलावतो. मी जातो, जेवतो. फोटोशेजारी त्यांचा टेप असतोच — धूळ पुसलेला, झाकण उघडं, आत कॅसेट नाही. एका वर्षी वंदना लेकीला घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर अंगणात माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांत त्या कॅसेटबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं.

"दादा, एक विचारू? टेपनं ती खाल्ली, त्याच्या आधी शेवटी आई काय म्हणून राहिली व्हती? पोरगी इचारते. मला शेवट आठवतच न्हाई."

मला प्रत्येक शब्द पाठ होता. तव्यासकट.

"न्हाई गं," मी म्हणालो. "माझ्या बी ध्यानात न्हाई."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला काहून तकलीफ."

त्याच दुपारी मी हिंगोलीला परतलो आणि कॅसेट लावली. थेट शेवट नाही लावला. पहिल्यापासून लावली. सगळे ठोके ऐकले, आणि ते मला आवडले. मग ठोके थांबले, मावशी गायल्या, वंदनाला हाक मारली आणि बंद कर म्हणाल्या. मी बंद केली.

कॅसेट माझ्या टेबलाच्या खणात आहे. अजून चालते.