हौदातल्या तांबड्या अळ्या

ओंजळीतल्या पाण्यात ती तांबडी अळी वळवळली, की आधी गार वाटतं आणि मग तळहाताला किंचित गुदगुल्या होतात. मिरजगावजवळच्या मामाच्या मळ्यातला गुरांचा हौद, त्याच्या तळाचा मऊ गाळ, आणि त्या गाळात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या या अळ्या! डासासारख्या दिसणाऱ्या, पण कुणाला न चावणाऱ्या कीटकाची ही पिल्लं. त्यांच्या आतड्यात एक बुरशी राहते. केसांहून बारीक, अस्तराला एका टोकाने चिकटलेली. अळीच्या खाण्यातलं थोडं घेते, आणि तिला बहुधा कसलाच त्रास देत नाही. इतक्या संकोचाने कुणाच्या घरी राहता येतं?

मला येतं. प्रबंधाच्या कामासाठी मामीकडे आले, तेव्हापासून मी तशीच राहत होते. कॉलेजातून आणलेला सूक्ष्मदर्शक ओसरीवर मांडून बसले, की मामी शेजारणींना सांगायची, आमची भाची अळ्यांची डाक्टरीन झाली. त्या हसण्यात माया असायची, तरी मला मान वर करवत नसे.

पोळा जवळ आला. पोळ्याआधी हौद उपसायचा, घासायचा, आतून चुना लावायचा, ही मामीची दरवर्षीची रीत. मला मात्र ती बुरशी सापडली होती ती याच एका पाण्यात. ते गेलं, की वर्षाचं काम गेलं. दोन दिवस मी सांगायचं ठरवत राहिले. मराठीत वाक्य जुळवायला जावं, तर तोंडाशी इंग्रजीच शब्द येत. तिसऱ्या सकाळी मामीने बादली आणि खराटा उचलला, तेव्हा मी नुसता तिचा हात धरला आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी आणलं.

एक डोळा मिटून ती बराच वेळ पाहत राहिली.

"पोटात केस हायेत व्हय गं हिच्या?"

"बुरशी आहे, मामी. तिथंच राहते."

"मंग दुखत न्हाई का तिला?"

नाही म्हणाले, आणि मग शब्द सुटत गेले. अळी कात टाकते तेव्हा आतड्यातलं अस्तरही टाकते, आणि त्याबरोबर बुरशीचं घर जातं. त्याआधीच तिचे बीजकण पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या एखाद्या अळीने गिळण्याची वाट पाहतात. ते पाणीच उपसलं तर?

मामीने खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

पोळ्याला बैल विहिरीवर पाणी पिऊन आले, शिंगं रंगवून सजले. हौद तेवढा शेवाळलेला राहिला. ओवाळायला जमलेल्या बायकांनी त्यावरून मामीला टोमणे मारले, ते मला आत ऐकू येत होते.

मामी शांतपणे म्हणाली, "आमच्या पोरीची मान्सं ऱ्हात्यात त्यात."

मी उठले, आणि बाहेर जाऊन त्या सगळ्या बायकांत मामीशेजारी उभी राहिले.