पाटीवरचं आडनाव

नानांना सगळे भिंगवाले म्हणत. डोळ्याला भिंग लावून बंदुकीच्या नळीवर नाव कोरायचं, एवढंच काम त्यांनी त्या कारखान्यात छत्तीस वर्षं केलं. आणि नाव तरी कुणाचं? त्यांचंच आडनाव. आजोबा कुलपं करता करता बंदुका करायला लागले, शिकाऱ्यांत त्यांच्या बंदुकीचा बोलबाला झाला. वडिलांच्या हातून ते सांभाळलं गेलं नाही, त्यांनी सगळं विकून टाकलं. विक्रीच्या कागदात इमारत, यंत्रं, लाकूड आणि अगदी शेवटी 'नाव' असंही लिहिलं होतं. वडील हसले म्हणे. नाव काय उचलून नेता येतं? लिहू दे बापड्यांना.

पुढे मालक चार झाले. मालक बदलला की फाटकाचा रंग बदलायचा, वरचं नाव तेच. नानांना त्याचा कोण अभिमान.

"मालक येतात नि जातात, आपण आहोत तिथेच," ते म्हणायचे.

"हो, आपल्याच घरात भाडेकरू," बायको म्हणायची.

तिसऱ्या मालकाला नाव कोरण्याऐवजी यंत्राने उमटवायचं होतं. त्यासाठी पोलादी ठसा हवा होता. बरोबरचे कारागीर म्हणाले, "नाना, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका." पण दुसऱ्या कुणी ठसा केला तर अक्षरं बिघडतील, या धास्तीने नानांनी तो स्वतःच केला. दोन महिने खपून. मग यंत्र एका दिवसात त्यांचं महिन्याचं काम उरकू लागलं. चौथ्या मालकाने कारखान्याला टाळं लावलं, यंत्रं भंगारात घातली आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. आता बंदुका दुसरेच कुणी, दुसरीकडेच करतात. ते नाव टोप्यांवर असतं, पट्ट्यांवर असतं.

नानांनी घराच्या पुढच्या खोलीत कुलपं नि शिलाई यंत्रं दुरुस्त करायला घेतली. दारावर पितळी पाटी लावली. वर आडनाव, खाली 'दुरुस्ती'. तीन आठवड्यांत नोटीस आली. नाव कंपनीचं आहे, अक्षरांचं वळणही कंपनीचं आहे, पाटी उतरवा.

सून म्हणाली, "उतरवा की. कुलपं नावावाचूनही उघडतात."

"माझ्या दारावर माझं आडनाव लावायला परवानगी मागू?"

भाचा वकील होता. त्याने नानांना बजावलं, "मामा, नावाचा कागद आजोबांनी घालवलाय, तिथे आपलं काही चालणार नाही. पण अक्षरं पणजोबांच्या हातची आहेत, विक्रीच्या आधीची. तेवढ्यावर पाटी टिकेल. तुम्ही फक्त घरातली पणजोबांची ती जुनी बंदूक दाखवायची. बाकी तोंडाला कुलूप."

सुनावणीच्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून, देवापुढे दोन मिनिटं जास्त उभे राहून निघाले. सगळं ठीक चाललं होतं. मग कंपनीच्या वकिलाने तो ठसा टेबलावर ठेवला. तरुण माणूस, बोलणं गोड.

"हा कुणीतरी बाहेरून आणलेल्या कारागिराने केला असावा," तो म्हणाला. "जुन्याची नक्कल. काम तसं साधारणच आहे."

भाच्याने नानांचा सदरा ओढला. नाना उठले.

"साधारण? दुसऱ्या अक्षराची शेपटी बघा. आजोबांच्या बंदुकीवर ती सरळ आहे, ओकीबोकी. ती मी वळवली. असं वळण पोलादात काढून दाखवा, मग साधारण म्हणा."

"म्हणजे हे वळण तुमचं?"

"माझंच."

"कारखान्यात, पगारी नोकर असताना काढलेलं?"

"मग काय घरी काढणार?"

"आणि दारावरच्या पाटीवर हेच वळण आहे?"

खोटं त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं. "हेच," ते म्हणाले.

भाच्याने कागद गोळा करायला सुरुवात केली.

परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "मामा, त्याने तुम्हाला डिवचलं हो."

"कळलं मला. उठल्यावर कळलं."

पाटी आठ दिवसांत उतरवायची होती. सून म्हणाली, रंग फासू. नाना नको म्हणाले. रंगाखालून अक्षर वर येतं. त्यांनी पाटी चिमट्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि कानस घेतली. दुपार झाली. 'दुरुस्ती'ला धक्का न लावता वरचं आडनाव घासायचं, म्हणजे काम बारीक. पितळेचा कीस मांडीवर साठत गेला, तरी शेपटी दिसतच राहिली.

सुनेने चहा आणून ठेवला. "अजून व्हायचंय?"

"खोल कोरलंय," नाना म्हणाले. "कुणी सांगितलं होतं इतकं खोल कोरायला."