चादरींखालचं बोलावणं

सीमेवर तोफा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात इस्त्रीवालीच्या पोटात दुखायला लागलं. तोवर गल्लीला देश ठाऊक होता तो टीव्हीतला. बाकी नळावरची भांडणं. पण समोरच्या शिवणवालीचा मुलगा, जो परवापरवापर्यंत ‘तो शेंबड्या’ होता, तो आता ‘आपला जवान’ झाला. नळावर शिवणवालीला पहिला नंबर. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे घरमालक आणि भाडेकरू तिच्या दारात मांडीला मांडी लावून बातम्या ऐकायला लागले.

इस्त्रीवालीचा नुसता जळफळाट. हिचा मुलगा बेकरीत भट्टीवर. त्याला कोण विचारतंय? वर तोच म्हणायचा, “आई, मी भरतीत पास झालो असतो ना, तर आज तुलाही मान असता.”

आता खरं काय ते ऐका. तो पास झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं बोलावणं पोस्टमनने हिच्या हातात दिलं आणि हिने ते इस्त्रीच्या टेबलावर, जाड चादरींच्या खाली सारलं. एकुलतं एक पोर, कोण पाठवणार? तेव्हापासून त्या कागदावरून रोज इस्त्री फिरत होती.

त्या दुपारी जवानाचा फोन आला आणि सगळी गल्ली जमली. घरमालक म्हणाले, “आई असावी तर अशी.” झालं, इस्त्रीवालीचं डोकंच फिरलं. चादरी उपसून तिने तापून तपकिरी झालेला कागद काढला आणि तरातरा जाऊन भाडेकरूच्या हातात कोंबला.

“वाचा. माझाही निवडला होता. देश काय हिच्या एकटीचा आहे?”

त्याने मोठ्यांदा वाचलं. नाव, निवड, हजर व्हायची तारीख. आधी सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तारीख लक्षात आली आणि लोक तिच्या मागे बघायला लागले.

मागे मुलगा उभा होता, हात पिठाने भरलेले. “हे तुझ्याकडे होतं?”

त्याने भाडेकरूच्या हातातला कागद घेऊन खिशात घातला आणि तो परत भट्टीवर गेला. “अशा आया असल्यावर देशाचं काय होणार,” असं म्हणत घरमालक उठले. त्यांच्यामागोमाग सगळेच पांगले.

शिवणवाली तेवढी थांबली. आता ही टोमणा मारणार, म्हणून इस्त्रीवालीने मान खाली घातली.

“कुठे ठेवला होतास गं कागद?”

“चादरींखाली.”

“माझ्याकडेही मशीनचा खण होता. मला सुचलं नाही गं,” शिवणवाली म्हणाली, आणि आठवडाभर इस्त्रीवाली तिच्याकडे जशी बघत होती, तशीच ती इस्त्रीवालीकडे बघत राहिली.