सोनाबाईच्या ओट्यावरची पाटी

"गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं? अजिबात नाही म्हणजे शून्य. काही दिवस वाटलं तर एक, बरेच दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन."

किशोरीनं हे एका दमात म्हटलं आणि पेन सरसावलं. नीराबाई भिंतीला टेकून बसली होती. समुद्राकडचं दार बंद, गावाकडचं अर्धं उघडं. त्या अर्ध्या दारातून सकाळी सकाळी आत आलेलं हे पहिलंच माणूस.

"तीन," नीराबाई म्हणाली.

"तीन? रोजच?"

किशोरीनं विचारलं ते खातरजमा करायला. प्रशिक्षणात तसं शिकवलं होतं. पण नीराबाईचा जन्म गेला बाजारात. समोरच्या बाईनं भुवई उंचावली की पुढं काय करायचं, ते तिच्या हाडात मुरलेलं. त्यात सकाळची भवानी! पहिलं गिऱ्हाईक नाराज करून परत पाठवलं तर दिवसभर पाटीवर माशी बसते.

"बरं, दोन लाव," ती म्हणाली.

किशोरीनं दोन लिहिले.

किशोरी मूळची भातशेतीवाल्यांच्या घरातली, लग्न करून दिली तीही किनाऱ्यापासून आतल्याच एका गावात, आणि आता माणगावच्या एका संस्थेत कामाला. कोळीवाड्यातल्या एकट्या पडलेल्या बायकांकडे दर आठवड्याला जायचं, तासभर बसायचं. पण नुसत्या गप्पा नाहीत. पद्धत ठरलेली.

"मावशी, मन बरं झालं की मग उठू, असं म्हणून चालत नाही," पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं होतं. "आधी उठायचं. पूर्वी जे आवडीनं करत होतात, त्यातलं थोडं थोडं करायचं. मन मागून येतं. हे ठिकठिकाणी करून, मोजून पाहिलेलं आहे."

"मन मागून येतंय? मन काय शेपूट हाय?"

किशोरी खळखळून हसली होती. त्या घरात कुणी हसल्याला बरेच महिने झाले होते. भांड्यांना नवल वाटलं असेल.

नीराबाईला या पोरीचं हसणं आवडलं. म्हणूनच घात झाला. कारण भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी कोळीण जपून असते, पण आवडत्या गिऱ्हाइकाला ती मागायच्या आतच उतरवून देते. झोप लागत नाही? तीन... जाऊ दे, दोन. भूक? दोन... एक लाव ग. प्रत्येक भेटीत आकडा खाली खाली येत गेला आणि प्रत्येक भेटीत पोरीचं तोंड उजळत गेलं. खरं तर नीराबाईचं जेवण एका वेळेवर आलं होतं, आणि रात्री तिला आढ्याचे वासे पाठ झाले होते.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी नीराबाई म्हणजे पायाला भिंगरी. नवरा, तुळशीराम, होडी घेऊन जायचा, ती आलेला जवळा किनाऱ्यावर वाळवायची, बोंबील बांबूवर टांगायची, आणि सुकलं की पाटी डोक्यावर घेऊन एसटीनं वर, भाताच्या गावांना. तिची ठरलेली घरं होती. सुकी मासळी द्यायची, तांदूळ घ्यायचा. त्या घरांतलं शेवटचं घर जांभूळकोंडातल्या सोनाबाईचं. शेवटचं अशासाठी, की तिथं बसलं की उठवत नसे.

"आलीस का नीरे? आज दर्या काय म्हनतो?"

"तुलाच विचारत व्हता. सोनाबाई कधी येते म्हनून."

"येते ग. भात झोडून झालं की येते."

सोनाबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. एसटीनं तासाभरावर, पण कधी भात, कधी गुरं, कधी नातवंडं. मग ती काय करायची, पाटी रिकामी झाली की उचलून तोंडाशी धरायची, डोळे मिटायची आणि पोटभर वास घ्यायची. "हा बघ, आला माझा दर्या." नीराबाई हसून लोळायची. "अगं, घान वास तो! लोक नाक दाबतात एसटीत!" मग दोघी पेज प्यायच्या, सुनांच्या कागाळ्या करायच्या आणि निघताना सोनाबाई एक ओंजळ तांदूळ वर टाकायची, मापाबाहेरचा.

मग तुळशीराम गेला. अंगात ताप काय आला आणि माणूस काय उठलंच नाही. विनेश, मुलगा, न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या कामावर. त्याला होडी नको होती. होडी विकली. आणि त्या दिवसापासून नीराबाईची एसटी बंद झाली, कारण कोळीवाड्यात तिची सासू शिकवून गेली होती: ठरलेल्या घरी न्यायचा तो आपल्या होडीचा मासा. दुसऱ्याकडून विकत घेतलेला माल मैत्रिणीच्या दारात ओतायचा नाही. पाटी माळ्यावर गेली. सोनाबाईला निरोपसुद्धा गेला नाही. काय सांगणार? नवरा गेला हे सांगायला जायचं, तर रिकाम्या हातानं कसं जायचं?

एका सकाळी किशोरी नाचतच आली.

"मावशी, आनंदाची बातमी! तुमचा आकडा इतका उतरलाय की आता भेटींची गरज नाही. आज शेवटची. मृणालीताई म्हणाल्या, एवढी छान सुधारणा कुणाचीच नाही."

मृणाली म्हणजे संस्थेतली तिची वरिष्ठ. नीराबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी ती बाई तिला घरावर आलेल्या जप्तीवाल्यासारखी वाटली.

"शेवटची म्हंजे? पुढच्या आठवड्याला न्हाय येनार?"

"दुसऱ्या मावशींकडे जायचंय ना. त्यांना जास्त गरज आहे."

नीराबाई चहा करायला उठली. साखर शोधायला तिनं मुद्दाम वेळ लावला. आता बोलावं. आता सांगावं, की बये, तीनच होते, पहिल्यापासून तीन. पण जीभ उचलेना. एकदा तोंडातून उतरलेला भाव वर चढवायचा? असं करणारीच्या पाटीकडे कोळीवाडा ढुंकून बघत नाही.

"विचारते हं मावशी, शेवटचं. उदास वाटलं?"

नीराबाईनं ओठ उघडले. मिटले.

"एक," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात हाक आली. शेजारची क्रांती, ताजी मासळी घेऊन निघालेली.

"ए ताई, बोंबील बघ! आत्ताच होडीतनं उतरलेत. माणगावला असे मिळायचे न्हायत, तिथले बोंबील तुझ्यापरीस म्हातारे!"

किशोरी ओट्यावर गेली. क्रांतीनं भाव सांगितला. किशोरीनं भुवई उंचावली.

"एवढा?"

"बरं, तुला म्हणून कमी करते. भवानीची वेळ हाय. घे."

किशोरी पिशवी उघडायला वाकली आणि तशीच थांबली. स्वतःचाच आवाज तिला परत ऐकू आला. एवढा? तीन? रोजच? तिनं मान वळवून आत पाहिलं. नीराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्यामागं चुलीवर कालचा भात, ताटलीखाली तसाच. समुद्राकडचं दार अजून बंद.

क्रांती गेली. किशोरी आत येऊन खाली बसली, अगदी समोर.

"मावशी, तू माझ्याशी भाव करत होतीस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघींना कळलं नाही.

"मंग काय करू? तू विचारायचीस असं, तोंड एवढंसं करून. 'तीन?' पहिलं गिऱ्हाईक, लेकीच्या वयाचं. देऊन टाकला."

"अगं पण हा काय मासा आहे?"

"मला काय म्हाईत काय हाय ते! तुझं तोंड फुलायचं ना आकडा उतरला की?"

किशोरीला हसू आलं आणि डोळे भरले.

"आणि आज? मी येणार नाही म्हटल्यावर तरी वाढवून सांगायचंस!"

"उतरलेला भाव चढवतात व्हय? काय बोलतेस! तुमच्या शेतातल्या लोकांना बाजाराची रीत कळत न्हाय म्हनतात ते खोटं न्हाय."

किशोरीनं मृणालीताईंना फोन लावला. स्पीकर चालूच राहिला, त्यामुळे नीराबाईला सगळं ऐकू आलं. नीराबाईचे आकडे चुकलेत, असं पोरीनं सांगितलं. चूक माझी, 'तीन?' असं मीच दचकून विचारायचे, असंही. मृणालीनं पलीकडून विचारलं,

"सगळेच?"

"सगळेच, ताई."

"मग बाद कर. वाईट आकडा आला तर आपल्याला काहीतरी करता येतं गं, खोट्याचं काय करायचं? पहिल्यापासून धर. आणि बाकीच्या मावशींनाही पुन्हा विचार. नवल न दाखवता."

नीराबाईच्या मनातला जप्तीवाला उठून निघून गेला.

"आता सांग," किशोरी म्हणाली. पेन तिनं खाली ठेवलं होतं. "मी भजनाला जा म्हटलं, तू हो म्हणालीस, गेली नाहीस. ओट्यावर बस म्हटलं, तेही नाही. ते सगळं मी ठरवलेलं. तुला काय करावंसं वाटतं?"

नीराबाईनं माळ्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी फक्त पाटी खाली आली. पुढच्या आठवड्यात तिचा सुटलेला काठ नीराबाईनं बांधून घेतला. किशोरी धुवायला निघाली तर नीराबाई ओरडली, "हात लावू नको! वास जाईल!" त्यानंतर एकदा दोघी एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन नुसत्या परत आल्या. गुडघा कुरकुरला. नीराबाई त्याच्यावर खेकसली. मासा नाही म्हणून काय झालं, सोनाबाईला हवी होती ती पाटीच, हे तिला रात्री आढ्याकडे बघताना सुचलं होतं आणि त्या रात्री तिला झोप लागली होती.

मग एक दिवस त्या बोर्लीच्या त्याच थांब्यावरून एसटीत बसल्या. रिकामी पाटी मांडीवर. शेजारच्या माणसानं नाक दाबलं.

"दाब, दाब," नीराबाई म्हणाली. "मैत्रिनीचा दर्या हाय त्यात."

जांभूळकोंडात सोनाबाईच्या दाराला कुलूप होतं.

शेजारची बाई सूप हातात घेऊन बाहेर आली. "सोनाकाकू मुंबईला लेकीकडं गेल्यात. डोळ्याचं आप्रेशन. येतील ना, भाताच्या लावणीच्या आधी येतील. आल्याशिवाय कशा राहतील?" मग तिनं नीराबाईकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्या मासळीवाल्या नीराबाई काय? अहो, किती वाट बघतात त्या तुमची! एसटी वाजली की ओट्यावर येतात अजून."

ओट्यावर नीराबाईची ठरलेली जागा होती, खांबाजवळची. तिथं ती बसली. हातानं शेणानं सारवलेली जमीन चाचपली. मग पाटी खांबाला टेकवून ठेवली आणि उठली.

"माझी पाटी राहू दे हितं," ती शेजारणीला म्हणाली. "धुवू नका म्हनावं. आनि सांगा, तुळशीराम गेला. होडी पन गेली. मी हाय."

परतीच्या वाटेवर तिचा हात सारखा डोक्याकडं जात होता, नसलेली पाटी सावरायला.

"उगाच आलो का गं आपण?" किशोरीनं घाबरत विचारलं.

"उगाच कसं? पाटी तिथं हाय. आनायला जायला नको?"

पुढच्या भेटीला समुद्राकडचं दार उघडं होतं. खारा वारा थेट चुलीपर्यंत येत होता. किशोरीनं कागद मांडीवर घेतला.

"उदास वाटलं?"

"तीन."

किशोरीनं मान न उचलता तीन लिहिले.

"भूक?"

"दोन. काल क्रांतीनं कालवन दिलं ते दोनदा जेवले."

तितक्यात वळणावर एसटीचा भोंगा वाजला. माणगावकडून येणारी. नीराबाई वाक्य अर्धं टाकून दाराशी गेली. गाडी थांबली, दोन पोरं उतरली, गाडी गेली. ती तशीच उभी राहिली.

"सोने, लावनी जवळ आली ग," ती रस्त्याला म्हणाली. मग आत वळली. "तुझ्या कागदावर वाट बघन्याचं कुठं लिवतात?"

"तसा रकाना नाही, मावशी."

"मंग राहू दे. चहा घे."