शिशामागचा डाग

माझ्या प्रयोगाची ओली फिल्म चिमट्यात धरून सरांनी ती मुलांसमोर उंच केली. "हा डाग बघा. काही हात यंत्राला मानवत नाहीत." मुलं हसली. त्याच मुलांना मी प्रयोग शिकवत होते.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात सर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते, मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. काचेच्या नळीत विरळ वायू भरायचा आणि साठवलेली वीज त्यात एकदम सोडायची. क्षणभर त्या वायूचा प्लाझ्मा व्हायचा. जांभळा लखलखाट, पाठोपाठ कानठळ्या बसवणारा आवाज. त्यातून क्ष-किरण निघतात का, हे बघायला काळ्या कागदात गुंडाळलेल्या फिल्म ठेवायच्या. एक फिल्म शिशाच्या जाड पत्र्यामागे. तिथं किरण पोचत नाहीत, म्हणून ती कोरी राहायला हवी. माझी राहीना. कागद बदलला, फिल्म बदलली, पत्रा बदलला. डाग पडायचाच. का, ते मला कळत नव्हतं. पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

सरांना मात्र लगेच कळलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणायचे. मग राखीव जागांचा विषय निघायचा. मी ऐकून घ्यायचे. दमले होते मी. कामानं नाही, गिळून गिळून. घरी आई म्हणायची, "तोंड मिटून नोकरी कर. लय जणांना ती बी नाय."

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असायची. पंचवटीतून गुरुजी यायचे. त्या वर्षी सरांनी नळीची शुद्धीही करायला सांगितली. कुणापासून शुद्धी, हे विचारायची गरज नव्हती. मला म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. नाहीतरी तुमच्या बौद्ध धर्मात हे बसत नाही." किती सोयीनं आठवला त्यांना माझा धर्म! मी व्हरांड्यात उभी राहिले. आत यंत्राला हळदकुंकू लागलं, हवा काढणाऱ्या पंपाला झेंडूची माळ चढली. मला स्वतःची चीड आली.

दसऱ्यानंतर सरांनी स्वतः प्रयोग केला. मला हात लावू दिला नाही. फिल्म धुतली. शिशामागे डाग. तोच.

त्या दिवसापासून डागाला मान आला. आता ती 'अनाकलनीय घटना' होती. मुंबईहून मोठे प्राध्यापक बघायला येणार होते. सर म्हणाले, पाहुण्यांच्या चहाचं तेवढं बघा.

चहाचं मी बघितलं नाही. सर पाहुण्यांना फिल्म दाखवत होते, तिथं जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, "हा डाग आधी मला मिळाला. कारण मला माहीत नाही. सरांनाही नाही. त्यांना कळलं नाही की ते विज्ञान, मला कळलं नाही की माझी जात."

"बाई, ही बोलायची जागा नाही."

"हीच आहे."

पाहुणे चष्मा पुसत राहिले. डागावरचा लेख सरांच्या एकट्याच्या नावानं छापून आला. आई म्हणाली, "आता हाय ती नोकरी बी जाईल."

पुढची खंडेनवमी आली. सर पुन्हा म्हणाले, "बाई, बाहेर थांबा."

मी स्टूल ओढलं आणि नळीजवळ बसले. गुरुजी पूजेचं ताट घेऊन दारात थांबले. थांबू देत. मला न कळलेलं इथं आहे, ते कळेपर्यंत मी इथून उठणार नाही.